निसर्गशिबिरात मुलं कंटाळली, तर कंटाळू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १३ ते १६ वयाची २४ मुलंमुली, उन्हाळ्याची सुट्टी, सहा दिवसांचं निवासी शिबिर. जागा ठरली आहे. एका अंगाला झाडी, मध्ये माळ, खाली ओढा आणि एक लहानसं तळं. वेळापत्रक सोबत जोडलंत आणि शेवटी लिहिलंत, 'मुलं कंटाळू नयेत म्हणून एकही तास रिकामा ठेवलेला नाही. अजून काय घालता येईल?'

घालू काहीच नका. काढा.

मी ही शिबिरं २२ वर्षं घेते आहे आणि माझं पहिलं वेळापत्रक तुमच्याहून गच्च होतं. पहाटे पक्षी, न्याहारीनंतर झाडं, मग सापांवर पडद्यावरची चित्रं, दुपारी भित्तिपत्रकं, रात्री प्रश्नमंजुषा. चौथ्या दिवशी एका मुलीने विचारलं, "ताई, आपण जंगलात कधी जाणार?" आम्ही चार दिवस जंगलातच होतो. पण तिने या चार दिवसांत पाहिलं होतं काय, तर रांगेतल्या पुढच्याची पाठ आणि 'ते बघा, तिकडे' म्हणणारा माझा हात.

आठ वर्षांच्या मुलाला सुरवंट दिसला की ते खाली बसतं. चौदा वर्षांचं मूल आधी बघतं, आपल्याकडे कोण बघतंय. कुतूहल आटलेलं नसतं, फक्त ते चारचौघांत दाखवायची लाज वाटते. त्यामुळे लहान मुलांसाठीचे खेळ या वयाला देऊ नका. डोळ्यांवर पट्टी बांधून झाड ओळखायला लावलंत तर खिदळतील आणि तुम्हाला वाटेल रमली. दुसरी गोष्ट, ज्या प्रश्नाचं उत्तर ताईला आधीच माहीत आहे तो प्रश्न त्यांना लांबून ओळखू येतो. शाळेत वर्षभर तेच चाललेलं असतं. त्यांना असं काम हवं, ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही, आणि ते करायला पुरेसा मोकळा वेळ. माझं सगळं शिबिर या दोन गोष्टींवर उभं असतं.

सुरुवात एका जागेपासून करा. पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाने आपली एक जागा निवडायची. हाकेच्या अंतरावर, पण दुसरा कोणी दिसणार नाही अशी. रोज त्याच जागी वीस मिनिटं एकट्याने बसायचं. वही-पेन्सिल जवळ असली तरी लिहायची सक्ती नाही. जागा निवडण्याआधी तुम्ही स्वतः फिरून मुंग्यांची वारुळं, मधमाश्यांची पोळी, सुटे दगड आणि वाळक्या फांद्या बघून ठेवा, आणि कोण कुठे बसलं आहे याचा कच्चा नकाशा खिशात असू द्या.

पहिल्या दिवशी ती वीस मिनिटं कोणालाच सोसत नाहीत. कोणी गवत उपटतं, कोणी झोपतं, कोणी आठव्या मिनिटाला 'झालं का?' म्हणून ओरडतं. काही करू नका. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कोणीतरी येऊन सांगतं की माझ्या दगडाखालची ती काळी मुंगी काल एकटीच होती, आज रांग आहे. तिसऱ्या दिवशी हे का होतं, तर तोवर आजूबाजूची पाखरं त्या मुलाला सरावलेली असतात आणि ते मूल त्या जागेला. रोज नव्या ठिकाणी नेलंत तर हा तिसरा दिवस कधी उगवतच नाही. तुमच्या वेळापत्रकातल्या धबधब्याच्या आणि टेकडीच्या दोन सहली मी म्हणूनच खोडते आहे.

आता काम. गोगलगायी मोजा, हे माझं आवडतं. तळ्याकाठी ओलाव्याच्या जागी रात्री किती गोगलगायी असतील? सगळ्यांचा अंदाज आधी लिहून घ्या. वीसपासून हजारापर्यंत आकडे येतात. मग सापडतील त्या गोळा करा, शंखाचा वरचा भाग पुसून नखरंगाचा बारीक ठिपका लावा, ठिपका वाळला की जिथून उचलली तिथेच सोडा. समजा ४० झाल्या. दोन रात्रींनी पुन्हा गोळा करा. समजा ५० मिळाल्या आणि त्यांत ठिपक्याच्या १० निघाल्या. म्हणजे पाचांत एक ठिपक्याची. तर मग आपल्या ४० हा एकूण संख्येचा पाचवा हिस्सा, एकूण साधारण २००. ही रीत पीटरसन या डॅनिश मत्स्यशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये माशांसाठी वापरली आणि लिंकन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३० मध्ये पाणपक्ष्यांसाठी. आदल्या दुपारी पिशवीभर बियांवर सराव करून घ्या, मुलांना ते गणित मग स्वतःच सुचतं.

खरी मजा आकडा आल्यावर सुरू होते. 'पण मध्ये पाऊस पडला, नव्या बाहेर आल्या असतील.' 'ठिपका लावलेल्या घाबरून लपल्या असतील.' 'तू फक्त कडेच्या उचलल्यास.' एकदा या वादात जेवणाची घंटा कोणी ऐकली नाही. पद्धत कोणत्या गृहीतकांवर उभी आहे हे मी फळ्यावर लिहून शिकवलं असतं तर दहा मिनिटांत झालं असतं आणि दहा मिनिटांत विसरलंही गेलं असतं.

रातकिड्यांचंही असंच. १८९७ मध्ये डॉलबेअर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने लिहिलं की रातकिड्याच्या किरकिरीवरून तापमान सांगता येतं. त्याचं आज वापरात असलेलं सोपं रूप म्हणजे आठ सेकंदांतल्या किरकिरी मोजा, त्यांत पाच मिळवा, सेल्सिअस अंश येतात. हे लागू पडतं झाडावर राहणाऱ्या एका विशिष्ट अमेरिकी रातकिड्याला. तुमच्या ओढ्याकाठच्या किड्याला बहुतेक लागू पडणार नाही, आणि म्हणूनच करून बघा. तीन रात्री तापमापी आणि घड्याळ घेऊन बसलेली मुलं चौथ्या रात्री स्वतःच्या किड्याचं स्वतःचं सूत्र मांडू लागतात. चुकीचं असेना.

तळ्याच्या पाण्याचा गढूळपणा मोजायला बरणीचं वीसेक सेंटिमीटरचं झाकण काळं-पांढरं रंगवा, दोरीला वजनासकट बांधा, दिसेनासं होईपर्यंत सोडा आणि दोरी मोजा. इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ सेक्की यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात असल्याच तबकड्या सोडल्या होत्या. आजही ही पद्धत वापरात आहे. पांढरी चादर आणि दिवा लावून पतंग बघणं सगळेच करतात, तुम्हीही करा. फक्त दोनेक तासांत दिवा बंद करा, कारण त्या दिव्याभोवती घिरट्या घालण्यात पतंगांची रात्र फुकट जाते.

आता ओढा, आणि यावर मी जरा थांबणार आहे. ओढ्यातला दगड हळूच उलटा, खालचे किडे पांढऱ्या ताटलीत पाण्यासह घ्या, भिंगातून बघा, सोडा आणि दगड होता तसाच परत ठेवा (तो कोणाचं तरी छप्पर आहे). मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या उडत्या कीटकांच्या अळ्यांना बहुधा स्वच्छ आणि भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं. उलट काही लाल अळ्या अगदी कमी प्राणवायूतही तग धरतात. त्या लाल असतात कारण त्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखं हिमोग्लोबिन असतं. म्हणजे ताटलीत कोण आलं यावरून पाण्याची तब्येत कळते, आणि ती कालच्या एका दिवसाची नव्हे, गेल्या काही आठवड्यांची.

एका वर्षी मुलांनी दोन ठिकाणी ताटल्या भरल्या, एक मुक्कामाच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. वरच्या ताटलीत तीन शेपट्यांच्या मेफ्लायच्या अळ्या, चतुराच्या अळ्या, गारगोट्यांची घरं करून राहिलेले कॅडिसफ्लाय. खालच्या ताटलीत लाल अळ्या आणि जवळपास दुसरं काही नाही. मधल्या तीसेक पावलांत काय आहे म्हणून मुलं काठाकाठाने शोधत गेली आणि थेट आमच्या स्वयंपाकघराच्या मोरीपाशी पोचली. भांड्यांचं साबणपाणी नळीतून सरळ ओढ्यात जात होतं. त्या जागी आम्ही कित्येक वर्षं शिबिरं घेत होतो, 'निसर्ग वाचवा'चे फलकही तिथेच लावत होतो.

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा आणि सगळ्यात चांगला शिबिराचा दिवस. कोणी सांगितलं नसताना मुलांनी सांडपाणी मुरवायला शोषखड्ड्याची जागा शोधली आणि संध्याकाळी गोटे-वाळू वाहून आणली. आधी राखेने भांडी घासून बघितली, साबण निम्म्यावर आणला. शेवटच्या दिवशी पुन्हा ताटली भरली, तर तेच लाल किडे. तीन दिवसांत ओढा सुधारत नाही. तेही त्यांना मी सांगावं लागलं नाही.

म्हणून तुमच्या वेळापत्रकातलं 'पर्यावरण: व्याख्यान' हे कलम काढा आणि शिबिराचाच हिशेब मुलांच्या हाती द्या. रोज पाणी किती लागलं, प्रत्येक जेवणानंतर ताटांतलं उष्टं किती किलो, कचऱ्याच्या पिशवीत कसलं वेष्टण जास्त. उष्टं वजनकाट्यावर ठेवून आकडा भिंतीवर लिहिला की दुसऱ्या दिवशी तो घसरतो. मी फक्त काटा आणून ठेवते, ओरडत नाही. मात्र कोणाच्या ताटात किती उरलं ही नावनिशी नको. या वयात काही मुलामुलींचं खाण्याशी नातं नाजूक असतं, तिथे सार्वजनिक लाज घातक ठरते. एकत्र वजन करा.

माळावर ५० रोपं लावायचा कार्यक्रमही रद्द करा. राग मानू नका. माळ म्हणजे झाडांची वाट बघत पडलेली रिकामी जागा नव्हे. ती गवताची, टिटवीची, चंडोलाची जागा आहे, आणि ही पाखरं घरटं जमिनीवर करतात. तिथे खड्डे खणून, भर उन्हाळ्यात रोपं लावून, सहाव्या दिवशी आपण निघून जाणार आणि ती वाळणार. फोटो चांगले येतात, एवढं खरं. त्याऐवजी माळावरचा एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दोरीने आखा आणि त्यात किती प्रकारचं गवत आहे ते मोजायला सांगा. नावं येत नसतील तर मुलांनीच ठेवावीत. 'खाजकुटं', 'उंदराची शेपटी' अशी नावं आमच्या यादीत अजून आहेत, खरी नावं नंतर शोधली.

सापांचं प्रात्यक्षिकही नको. साप हातात धरून दाखवणारा माणूस मुलांना दोनच गोष्टी शिकवतो: साप हा करमणुकीचा प्राणी आहे आणि धाडस म्हणजे तो धरणं.

पहाटे पाचच्या पक्षीनिरीक्षणाबद्दल. ते रोज सहा दिवस लावलंत, तर तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे २४ चिडलेले जीव असतील. हा आळस नव्हे. वयात येताना शरीरातलं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं आणि तरीही या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. मी दोनच पहाटा ठेवते, त्याही ऐच्छिक. दोन्ही दिवशी निम्म्याहून जास्त येतात, आणि उठवायला मी जात नाही. रात्र मात्र त्यांचीच असते, तिचा उपयोग करा. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका झगझगीत विजेरीने सगळं पुसलं जातं. विजेऱ्यांना लाल कागद लावा. मंद लाल उजेडात अंधाराला सरावलेली नजर फारशी मोडत नाही. आधी दिवसा चालून पाहिलेल्या सपाट वाटेवर विजेरी बंद करून शंभर पावलं चाला. या वयाची मुलं अंधारात जितकं मनापासून बोलतात तितकं उजेडात बोलत नाहीत.

दुपारी अकरा ते चार उन्हात कोणीही नको. तो वेळ सावलीत आणि मोकळा. ज्याला चित्र काढायचं तो काढेल, कोणी झोपेल, कोणी भांडेल. तुमच्या वेळापत्रकात इथे तीन सत्रं आहेत; तिन्ही गेली.

फोनचं विचारलं नाहीत, पण पालक विचारतील. पूर्ण बंदी घातली की मुलं चोरून आणतात. आम्ही सगळ्यांचे फोन पेटीत ठेवतो, रोज ठरावीक वेळी घरी बोलायला देतो आणि निरीक्षणांसाठी चार-पाच फोन सामाईक ठेवतो. पक्ष्यांच्या नोंदींचं ईबर्ड हे संकेतस्थळ २००२ पासून आहे, सगळ्या सजीवांसाठीचं आयनॅचरलिस्ट २००८ पासून. आपली नोंद दुसऱ्या गावच्या जाणकाराने तपासली, 'तू चुकलास, हा दुसरा कोळी आहे' असं कळवलं, की मुलं चार इंच वाढतात. तीन नियम मात्र ठाम हवेत. घरट्याचा फोटो नाही. पक्ष्याला बोलवायला ध्वनिमुद्रित आवाज वाजवायचा नाही. दुर्मीळ काही दिसलं तर नेमकी जागा उघड करायची नाही. आयनॅचरलिस्ट संकटग्रस्त प्रजातींची जागा आपणहून धूसर करतं, पण गटाच्या गप्पांत टाकलेला फोटो कोणीच धूसर करत नाही.

पंधरा-सोळाच्या मुलांपैकी एखादं रात्री हमखास विचारतं, 'पण याचा उपयोग काय, सगळं संपणारच आहे ना?' त्याला हसून टाळू नका. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांना विचारलं गेलं, तेव्हा ५९ टक्के जणांनी हवामानबदलाची खूप किंवा अतिशय चिंता वाटते असं सांगितलं. अशा मुलाला आणखी भीषण आकडे दाखवायची गरज नाही, आणि 'तुम्हीच उद्याचे रक्षक' हे ओझं तर मुळीच द्यायचं नाही. मोठ्यांनी केलेली घाण त्याच्या खांद्यावर का? मी एवढंच करते: ऐकते, मलाही भीती वाटते हे कबूल करते, आणि सकाळी त्याला शोषखड्ड्यावर घेऊन जाते. लुईस चावला या संशोधिकेने १९९०च्या दशकात नॉर्वे आणि केंटकीतल्या पर्यावरणासाठी झटणाऱ्या माणसांना, तुम्ही इकडे कसे वळलात, असं विचारलं होतं. फिरून फिरून आलेल्या उत्तरांत दोन गोष्टी ठळक होत्या: लहानपणी निसर्गात घालवलेला वेळ आणि त्याची गोडी लावणारं घरातलं माणूस.

सुरक्षिततेचं थोडक्यात, पण इथे तडजोड नाही. तुमच्या पत्रात २४ मुलांमागे दोन शिक्षक आहेत. ते पुरणार नाहीत. अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं मुक्कामी शिबिरांचं प्रमाण ९ ते १४ वयाला आठ मुलांमागे एक आणि १५ ते १८ला दहामागे एक मोठा माणूस असं आहे. तुमच्या गटाला किमान तीन, आणि कोणी आजारी पडलं तर म्हणून चौथा. कोणताही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद जागेत एकटा असणार नाही, हा नियम पहिल्या दिवशी मुलांसमोर मोठ्याने सांगा, म्हणजे तो मोडला तर त्यांना कळेल. तक्रार कोणाकडे करायची ते नावानिशी सांगा आणि ते नाव शिबिरप्रमुखाचं एकट्याचं नको. दमा, ॲलर्जी, चालू औषधं यांची यादी आधी मागवा. मासिक पाळीचं सामान न मागता मिळेल अशा जागी ठेवा.

तळ्यात पोहणं नाही, गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात उतरणं नाही. गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागलं, अडखळू लागलं, तर तो उष्माघात समजा: आधी सावली, अंगावर गार पाणी आणि वारा, त्याच वेळी रुग्णवाहिका. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. अंगठ्या-घड्याळ काढा, तो अवयव हलू न देता थेट रुग्णालय. ते रुग्णालय कुठलं आणि तिथे प्रतिविष आहे का, हे तुम्ही आधी स्वतः जाऊन विचारून यायचं.

राहिला शेवटच्या दिवसाचा पालकांसाठीचा कार्यक्रम. स्वागत, मनोगतं, प्रमाणपत्रं, गटगीत असं दीड तासाचं काही लिहिलंत. मी ते सगळं एका गोष्टीवर आणलं आहे. प्रत्येक मुलाने आपल्या आईला किंवा वडिलांना हाताला धरून आपल्या त्या जागी न्यायचं आणि वीस मिनिटं शेजारी बसवायचं, न बोलता. ज्यांच्या घरून कोणी येऊ शकलं नसेल त्यांच्याबरोबर तुम्ही आणि स्वयंपाकाच्या मावशी बसा. पालकांना टेकायला काहीतरी ठेवा, जमिनीवर बसायची सवय मोडलेली असते. आणि त्यांचेही फोन पेटीत घ्यायला विसरू नका. आठव्या मिनिटाला 'झालं का?' तेच विचारतात.